भिंतीपलीकडचा समुद्र

एडिसन, रविवार

अनू बाळा,

स्पेनमध्ये समुद्राकाठी फ्लॅट घेतलास. व्हिडिओ कॉलवर कौतुकाने खिडकी उघडलीस, तर समोर शेजाऱ्यांची भिंत! मी फटकन बोलून गेले, "समुद्रासाठी एवढ्या लांब गेलीस आणि भिंत बघत बसणार?" नव्या घरात दूध उतू घातलं नाहीस, त्यावरूनही बोलले. तू नुसती हसलीस. "आई, रिलॅक्स."

आज कुश जेवायला आला होता. तुझ्या भावाच्या पोटात काही राहतं का? म्हणाला, "तिला थर्ड फ्लोअरवरचा आवडला होता, फुल सी व्ह्यू. पण लिफ्ट नाही ना, आणि तुझे गुडघे... म्हणून ग्राउंड फ्लोअर. दूधपण तुझ्यासाठीच थांबवलंय."

गाढव आहेस अगदी. 'गुडघ्यांमुळे मी कुठे येत-जात नाही' असं सगळ्यांना ऐकवत असते मी. तू ते ऐकून घर बदललंस.

हे पत्र पाठवणार नाही, नाहीतर कुशला झोडपशील. पण तिकीट काढलंय. दूध मीच येऊन उतू घालते. मग मला हात दे, भिंतीला वळसा घालून हळूहळू समुद्रावर जाऊ.

तुझी,
फटकळ आई