गिटार, केबली आणि माझी मंचावरची जागा

मी, ईश्वरदास यादोराव कापगते, वय सदुसष्ट, धंदा धानशेती व ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणे, राहणार सौंदड, तालुका सडक अर्जुनी, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी दम दिलेला नाही, कोणी पाजलेली नाही. डोके जागेवर आहे. डाव्या हाताची बोटे मात्र साखरेच्या आजाराने बधिर झाली आहेत, आणि हा कागद लिहायला बसण्याचे खरे कारण तेच आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. आपल्यापाशी वाटून देण्यासारखे आहे तरी काय, असेच वाटायचे.

१. सौंदड येथील राहते घर, परसातील विहिरीसह, तसेच धानाची बांधी आणि बँकेतील ठेव माझ्या पश्चात माझी पत्नी मंदाबाई हिची राहील. आम्हाला मूलबाळ नाही. दिवाळी झाली की गावोगावच्या मंडईच्या जत्रा सुरू होतात आणि धानाची कापणीही त्याच दिवसांत येते. मी मंचावर आणि ती बांधीत, अशी आमची सगळी वर्षे गेली. याबद्दल तिला कधी चांगला शब्द बोललो नाही, तो इथे लिहून ठेवतो.

२. विहिरीवरची मोटार माझा मेहुणा प्रफुल याला कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. तो दर दिवाळीला चारचौघांत विचारतो, भाऊजी, ते चार तारांचं कायले वाजवता, आयकू तर येत नाही. मी त्याच्यावर चिडायचो. पुढे कळले की निदान शेवटच्या दोन वर्षांपुरते तो बरोबर बोलत होता. मोटार तरीही देऊ नये.

३. माझ्या लोखंडी पेटीत गिटारच्या पुष्कळ केबली आहेत. त्यांची हकिगत अशी की काही वर्षांपासून माझे सूर मध्येच मरू लागले. तार दाबावी आणि सुराऐवजी नुसती खरखर यावी. मी ठरवून टाकले की केबल खराब आहे. गोंदियाचा गुलशन मला केबली बनवून द्यायचा. माणूस चोख. वायर जाड जाळीची वापरणार, जॅकचे टोपण उघडून आतला कथिलाचा डाग दाखवणार, मगच पैसे घेणार. त्याच्या केबली मी एकामागून एक परत नेल्या. शेवटी एक केबल काउंटरवर आपटली आणि भरल्या दुकानात म्हणालो की हा तांब्याच्या नावाखाली लोखंड विकतो. तो एवढेच बोलला की भैया, वायर ठीक है, फिर भी दूसरी ले जाओ.

मग मी नागपूरहून महागडी केबल आणली. पहिल्याच कार्यक्रमात बेस असा स्वच्छ वाजला की मला स्वतःचाच हेवा वाटला. त्यानंतर माझ्या तोंडाला खीळ राहिली नाही. नव्या पोरांना गाठून शिकवायचो की जॅकपाशी वायर वाकवून खरखर येते का ऐका, करपलेला डाग दिसला तर घेऊ नका, गरजेपेक्षा लांब केबल घेऊ नका. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर तर मी यावर भाषणच दिले. आमच्या ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला रिंकू शहारे आणि मिक्सर सांभाळणारा भूपेंद्र टेंभरे माना खाली घालून जेवत होते. मला वाटले, पोरांना भूक लागली असेल. केबलीबद्दल मी सांगितले ते सगळे खरे आहे, फक्त माझ्या दुखण्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

सर्व केबली गुलशनला परत द्याव्यात. त्यातली एकही खराब नाही, माझ्या बधिर बोटांनी तारच नीट दाबली जात नव्हती. गिऱ्हाईक असेल तेव्हा मंदाबाईने त्याच्या दुकानात जाऊन हे कलम मोठ्याने वाचावे.

४. आता बेस गिटार. केबलीसाठी मी नागपूर गाठले, पण पट्ट्याकडे ढुंकून पाहिले नाही. पट्ट्याचे भोक सैल पडले होते. पट्टा गिटारच्या बटणावर पक्का धरून ठेवणारे स्ट्रॅप लॉक मंदाबाईने मागवून दिले होते. ते मी पाकिटातच ठेवले आणि जुन्या चपलेच्या रबराची चकती कापून बटणावर चढवली. गेल्या वर्षीच्या एका मंडईत, ऐन गाण्यात, पट्टा निसटला. गिटार माझ्या गुडघ्यावर आपटून खाली गेली, तिच्यातून केबल निघाली आणि मंचावर पडली. बेस मात्र वाजतच राहिला.

मी वाकलेला, केबल पायाशी, आणि स्पीकरमधून माझा बेस जसाच्या तसा चालू. मान वळवून पाहिले. रिंकूचा उजवा हात गाण्याची चाल वाजवत होता आणि डावा हात बेस वाजवत होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. भूपेंद्रने पाहिले आणि लगेच नजर मिक्सरकडे वळवली. मिक्सरवर माझ्या गिटारचा चॅनल बंद होता. कधीपासून, हे विचारायची गरज नव्हती. त्या महागड्या केबलीच्या पहिल्या दिवसापासून.

तेव्हा लाज वाटलीच. पण त्याहून जास्त लाज पुढच्या गोष्टीची वाटते. मी पट्टा चढवला, केबल पुन्हा खोचली आणि गाणे संपेपर्यंत बोटे हलवत राहिलो. त्यानंतरच्या मंडयांना गेलो, उन्हाळ्यात लग्नांना गेलो, सगळ्यांबरोबरीने वाटा घेतला. कोणी काही बोलले नाही आणि मीही बोललो नाही. रिंकू मुळात बेसच शिकायला आला होता. जागा रिकामी नाही म्हणून मीच त्याला कीबोर्डवर बसवले होते, हे आठवून मला अजून झोपेत कुशी बदलाव्या लागतात.

म्हणून बेस गिटार, स्ट्रॅप लॉकचे न फोडलेले पाकीट आणि मंचावरची माझी जागा माझ्या पश्चात रिंकूला द्यावी. कीबोर्डवर त्याची बहीण मोनाली बसू शकते, तिचा हात तयार आहे. लॉक बसवताना स्क्रूचे भोक सैल वाटले तर गोंद लावून आगकाडीचा तुकडा आत घालावा. गिटार गादीवर धरून पट्ट्याला जोरात झटका द्यावा, आणि टिकला तरच मंचावर जावे. मला सगळे ठाऊक होते, हेही त्याला वाचून दाखवावे.

५. इथवरचा मजकूर मी काल मंदाबाईला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि सूप बाजूला न ठेवताच म्हणाली, "मेल्यावर कायले सांगता जी? मेल्यावर तुमाले का लाज येणार हाये?"

 आज सकाळी गिटार आणि लॉकचे पाकीट पिशवीत घालून रिंकूच्या घरी गेलो. तो ओसरीवर दाढी करत होता. मी उभ्याउभ्याच सांगितले की माझा चॅनल बंद असतो हे मला गेल्या मंडईपासून माहीत आहे. खरे सांगतो, त्याने नाही म्हणावे, तसं काही नाही काकाजी म्हणावे, अशी मी मनातून वाट पाहत होतो. त्याने तोंड पुसले.

"काकाजी," तो म्हणाला, "तुमी कवा बोलता, याचीच वाट पाहून राहिलो होतो. डावा हात लय दुखून राहिला माहा."

मी गिटार आणि पाकीट त्याच्या मांडीवर ठेवले आणि घरी आलो.

६. सबब, कलम ४ मधील गिटार व लॉक आता माझ्या मालकीचे राहिलेले नाहीत आणि जे माझे नाही ते मृत्युपत्राने देता येत नाही. ते कलम लागू नाही, पण वाचता यावे म्हणून मी खोडलेले नाही. यंदाच्या मंडईत मी मंचावर नसेन, कापणीला बांधीत असेन. वकिलांनी बजावले होते की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार करू नये. रिंकूला आता यातून काहीही मिळत नाही. म्हणून त्याला साक्षीसाठी बोलावले आहे. सही करण्याआधी त्याने कागद पहिल्या ओळीपासून माझ्यासमोर बसून वाचावा, एवढी माझी अट आहे.

ठिकाण: सौंदड
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२५

लिहून ठेवणार:
(सही) ईश्वरदास यादोराव कापगते

साक्षीदार:
१. (सही) भूपेंद्र टेंभरे, धंदा: साउंड मिक्सर
२. (सही) रिंकू शहारे, धंदा: बेस गिटार वाजवणे. सगळे वाचले.