गयाबाईचं अर्धं वाक्य

६ जानेवारी, सोम. नांदेड
केंद्रप्रमुख शिंदेसाहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. 'रामपारी', आपला पहाटेचा कार्यक्रम, बंद. पुढच्या महिन्यापासून सकाळी भजन, भारूड, गवळण काही नाही. नवी हिंदी गाणी सलग, मध्ये निवेदकाच्या गप्पा. आमच्या रेडिओच्या नांदेड आणि लातूर, दोन्ही केंद्रांवर तेच. रामपारी सुरुवातीपासून मी करतो. माझ्याकडं कुणी बघितलं नाही.
नव्या कार्यक्रमाला एकच निवेदक. मी किंवा प्रीती. ठरायचंय. तोवर मी फिरून श्रोत्यांची मतं रेकॉर्ड करून आणायची. साहेबांचं म्हणणं, बदल लोकांनीच मागितला असं लोकांच्याच आवाजात ऐकू यायला पाहिजे, प्रोमो करायचाय. म्हणजे मत आधीच ठरलंय, फक्त तोंडं शोधायचीत.
बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो.

८ जानेवारी. भोकर
बसस्टँडसमोरच्या हॉटेलात बसलो. एकजण म्हणाला, रेडिओ फक्त बाजारभावासाठी. कॉलेजच्या दोघांनी विचारलं, फोन असताना रेडिओ कोण ऐकतं. बांगड्यांच्या दुकानातली बाई म्हणाली, "गाणं कोणतं बी लावा, मधी मधी लई बोलू नका." तिला माहीत नव्हतं की मधी मधी बोलणारा तो मीच.
प्रोमोच्या कामाचं एकही नाही.

११ जानेवारी. लातूर
क्लासेसच्या भागात गयाबाईंची मेस शोधत गेलो. मागं त्यांच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग मीच केलं होतं. दारातून "मावशी" म्हणालो तर पाठमोऱ्याच म्हणाल्या, "रामपारीवाले दादा का?" आवाजावरून. बरं वाटलं, आणि लगेच कसंतरी वाटलं.
मसाल्याच्या डब्यांशेजारी रेडिओ, त्यावर पिठाचा थर. त्या भाकरी थापत बोलत होत्या, मी फोन समोर धरला. कार्यक्रम बदलणार म्हटल्यावर हात थांबला त्यांचा. मग बोलल्या:
"इथं जेवायला येणारी पोरं म्हणत्यात, मावशी, तेच तेच भजन ऐकून कंटाळा आलाय, बंद करा. म्या म्हणते, तुमी कानात बोळे घाला. मला तर सकाळी भजन लागल्याबिगर भाकर थापाया येत न्हाई."
रेकॉर्डिंग झकास. जेवू घातलं. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तर ताक दिलं. निघताना विचारलं, खरंच बंद करणार का हो? म्हणालो, अजून काही ठरलं नाही मावशी.
ठरलं होतं.

१३ जानेवारी. नांदेड
साहेबांनी सगळी मतं ऐकली. उदगीरची नर्सिंगची एक मुलगी मनापासून म्हणते, नवी गाणी लावा, हॉस्टेलवर आम्ही सगळ्याजणी ऐकू. पण आवाज लहान, मागं पंख्याची घरघर. साहेबांना वजनदार आवाज पाहिजे होता, वयस्कर बाईचा. तरुण पोरं तर म्हणणारच, म्हणाले. गयाबाईंचं दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "बघ, यातून काही निघतंय का." एवढंच. उठून गेले.
मी काढलं. 'तेच तेच भजन ऐकून कंटाळा आलाय, बंद करा.' मागचं कापलं, पुढचं कापलं. शेवटी त्यांचं नाव आणि गाव, लातूर, जोडलं. कापल्याचं जाणवू नये म्हणून श्वासाचा आवाज तेवढा ठेवला. कसब लागतं त्याला.
हे लिहिताना बोटं जड झालीत. कापताना नव्हती झाली.
साहेबांनी पाठ थोपटली. प्रीती ऐकत उभी होती.

१५ जानेवारी
प्रोमो सुरू. दिवसातून कितीदा लागतो, मोजणं सोडलं. घरी बायको, रेखा, कणीक मळत म्हणाली, "ही लातूरची बाई भारी बोलली की." मी हूं म्हणून बाहेर आलो. रेखाला सांगायला हवं होतं. सगळं सांगतो मी तिला.

२४ जानेवारी
ऑफिसचा फोन मी उचलला. लातूरहून रुक्मिणबाई, गयाबाईंच्या भजनी मंडळाच्या प्रमुख. बोलणं सावकाश. म्हणाल्या, मंडळात लई वाईट वाटलं सगळ्याजणींना. आम्ही रेडिओवर गायलो ते हिच्याच खटपटीनं, आणि हीच म्हणते कंटाळा आला. गुरुवारच्या भजनाला येऊ नको म्हणून सांगितलंय तिला.
मग विचारलं, "ती खरंच असं बोलली का हो, भाऊ? तुमच्याच पुढ्यात बोलली म्हणं."
माझ्याजवळ तेव्हा वेळ होता. फोनवर दुसरं कुणी नव्हतं, साहेब बाहेर होते. एक वाक्य बोलायचं होतं फक्त.
मी म्हणालो, "रेकॉर्डिंगच हाय ना बाई."
त्या म्हणाल्या, हाव, ते बी खरंच. ठेवला फोन.
कापलं तेव्हा निदान नोकरीचा धाक होता. आज कशाचा होता?

१ फेब्रुवारी
नवा कार्यक्रम सुरू. मलाच दिला. प्रीतीला लातूरला दुपारचं. अभिनंदन करायला आली तेव्हा तिच्याकडं नीट बघता आलं नाही.
मेसेज भरपूर. लातूरचा एक ऑटोवाला म्हणतो, आता पॅसेंजर स्वतःहून आवाज वाढवा म्हणतात. उदगीरच्या त्या नर्सिंगवाल्या मुलीचाही आला, हॉस्टेलवर नाचलो म्हणाली. एका मास्तरांनी लिहिलं, सकाळ सकाळ लग्नाच्या वरातीत बसल्यागत वाटतं. खुश आहेत ते खोटं खुश नाहीत. हेही लिहून ठेवतो, नाहीतर मी उगाच मनाशी धरून बसेन की सगळे माझ्याच बाजूचे आहेत. आणि माझी बाजू तरी कुठली.
गयाबाईंची गरजच नव्हती. त्या मुलीचं लावलं असतं तरी भागलं असतं, पंख्यासकट.

९ फेब्रुवारी, रवि. चाकूर
लातूरला जायचं म्हणून निघालो. गयाबाईंना तोंडावर सांगायचं. अहमदपूरपर्यंत वाक्यं जुळवली. चाकूर आलं आणि उतरलो. आईकडं. तिला वाटलं, भेटायलाच आलो. गूळ-शेंगदाणे काढले, शेजारच्या काकूंना बोलावलं, माझा लेक रेडिओवरला.
आईला विचारलं, नवा कार्यक्रम ऐकतेस का. म्हणाली, "तुझा आवाज येईस्तोवर लावते. मग बंद करते." मी म्हटलं, आवडत नाही का? "मला कोण विचारतंय बाबा. ती लातूरची बाई म्हणली ना बंद करा, मग केलं तुमी. तिचं ऐकलं."
चिडून नाही म्हणाली. शेंगा फोडत म्हणाली.
संध्याकाळच्या बसनं परत नांदेडला. लातूर तिथून तासाभराचं सुद्धा नव्हतं.

१० फेब्रुवारी
रेखाला सांगितलं. सगळं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या बाईला अजून माहीत नाही?" नाही म्हणालो. ती उठून कपडे वाळत घालायला गेली.

१६ फेब्रुवारी, रवि. लातूर
गेलो. जेवणं उरकली होती, मेस रिकामी. गयाबाई ताटं पुसत होत्या. मला बघून खुर्ची ओढली, सुनेला चहा टाकायला सांगितलं. मला वाटलं होतं त्या भांडतील. तयारी त्याचीच करून गेलो होतो.
त्याच माफी मागायला लागल्या.
म्हणाल्या, दादा, माझ्यामुळं तुमचा रामपारी गेला. माझ्या तोंडाला कधी धरबंद नसतो, काय बोलून गेले मलाच उमगंना. रेडिओवर माझाच आवाज ऐकला तवा वाटलं, असं कसं बोलले म्या? पण आवाज तर माझाच. मंडळात सगळ्यांच्या पाया पडले, रुक्मिणबाईंच्या बी. त्या म्हणल्या, जाऊ द्या, पण सध्या येऊ नका.
महिनाभर ही बाई स्वतःच्याच कानावर विश्वास ठेवून स्वतःला दोष देत होती. माझ्यावर तिला संशयसुद्धा आला नाही.
फोन काढला, पूर्ण रेकॉर्डिंग लावलं. पोरं म्हणत्यात, इथपासून भाकर थापाया येत न्हाई, इथपर्यंत.
त्यांनी ऐकलं. "परत लावा," म्हणाल्या. परत लावलं. सून चहा घेऊन दारात थांबलेली.
"म्हंजी म्या बोललेच न्हाई."
नाही मावशी. मी कापलं.
"तुमी सोत्ता?"
हो.
त्यांनी ताट खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मग हे लावा तुमच्या रेडिओवर. समदं लावा. ते दिवसभर लावलंत तसं हे बी दिवसभर लावा." आवाज चढला नाही. आत गेल्या. सुनेनं चहाचा कप तसाच परत नेला.
मी चप्पल घालून बाहेर पडलो.

१७ फेब्रुवारी, सोम.
साहेबांना सांगितलं. ते आधी हसले, मग दार लावून घेतलं. म्हणाले, असं सगळीकडं चालतं, बाई विसरेल. केंद्राची अब्रू जाईल, जाहिरातदार जातील. "तू सांगितलंस, तुझं मन हलकं झालं. आता संपलं."
मी म्हणालो, बाई विसरणार नाही. ते म्हणाले, मग तू विसर.
त्यांना दोष देणं सोपं आहे. त्यांनी कापलं नव्हतं.

१८ फेब्रुवारी, मंगळ.
लावलं.
दुसऱ्या गाण्यानंतर. माइक उघडला आणि सांगितलं की लातूरच्या गयाबाई जे बोलल्या म्हणून आम्ही ऐकवलं, ते त्या बोलल्या नव्हत्या. दुसऱ्यांचं बोलणं त्या सांगत होत्या. ते मी कापलं, मी, माधव. आता पूर्ण ऐका. आणि लावलं. पुढच्या गाण्याचं नाव चुकलं.
वाटलं होतं, फोनवर फोन येतील. मेसेज आले. 'भारी प्रँक भाऊ.' 'मावशी रॉक, परत लावा.' 'कानात बोळे, हाहाहा.' एकानं विचारलं, मावशीचा नवीन सेगमेंट आहे का. माझी कबुली लोकांनी कार्यक्रमाचा भाग म्हणून ऐकली. आवाजाला मीच ती सवय लावलीय, सगळं गोड करून बोलायची. खरं बोललो तेही तसंच आलं असणार.
एकच मेसेज वेगळा. नाव नाही. 'लाज वाटायला पाहिजे.' तो बराच वेळ उघडा ठेवला.
कार्यक्रम संपला तेव्हा साहेब काचेपलीकडं उभे होते. सांगेपर्यंत घरी बस, म्हणाले. प्रीती उद्यापासून सकाळचं करेल.

१९ फेब्रुवारी
घरी. रेखा शिकवायला शाळेत गेली, जाताना म्हणाली, डबा ठेवलाय. आज ती माझ्याशी नेहमीसारखं बोलली. त्यानंच जास्त अवघडलो.
सकाळी प्रीतीला ऐकलं. चांगलं करते. माझ्यापेक्षा मोकळं. दिवसभर रेडिओ लावून बसलो. गयाबाईंचं काही नाही, जुनंही नाही आणि पूर्णही नाही. प्रोमो काढून टाकलेला. त्यांनी मागितलं होतं दिवसभर. मिळालं एकदा, तेही लोक हसले.
दुपारी रुक्मिणबाईंना फोन केला. त्यांनी ऐकलं नव्हतं, रेडिओ लावणं सोडलंय म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. त्या दिवशी फोनवर तुमच्याशी खोटं बोललो, तेही. मग म्हणाल्या, "मंडळात बोलते. पुढचं आमचं आमी बघू. तुमी आता मधी पडू नका."

२० फेब्रुवारी, गुरु.
साहेबांचा निरोप नाही.
भजनाचा दिवस. चारच्या सुमारास गयाबाईंना फोन लावला. मधी पडू नका म्हटलं होतं तरी लावला. सुनेनं उचलला. नाव सांगितल्यावर फोनवर हात ठेवून आत कुणाशी तरी बोलली. मागं बायांचे आवाज, तिघी-चौघी तरी. भजनाच्या की पोळ्या लाटायला येणाऱ्या, ओळखू आलं नाही.
मग म्हणाली, "आत्याबाई कामात हायत. म्हणल्या, सवडीनं बोलीन."
कधी, ते विचारायला तोंड उघडलं. नुसतं बरं म्हणालो.