गहू, ज्वारी आणि सिगडीचा धूर

मी, रामकिसन सांडू दांडगे, वय ७८, वनस्पतिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार गारखेडा, औरंगाबाद, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाविना लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. १९८६ साली असा दाखला माझ्याकडे कोणी मागितला नाही, हे विज्ञानाचं दुर्दैव.

१. राहतं घर पत्नी आशाबाई हिला. "माझ्यापेक्षा तुम्हाला त्या गव्हाची काळजी," असं ती चाळीस वर्षं म्हणत आली. खरं होतं.

२. सत्काराच्या अकरा शाली पुतण्या बन्सी याला. क्रांती चौकात कोणालाही अडवून तो काकाच्या शोधावर भाषण देतो. त्याला थंडी वाजू नये.

३. १९८६ सालचा तो महान शोध असा. हवेतला कार्बन बहुतेक हलका, थोडासा जड. गहू त्यातला हलका निवडून घेतो. ज्वारीची प्रकाशसंश्लेषणाची रीत निराळी, ती फारशी निवड करत नाही. उष्णतेने ही निवड किती बदलते, ते मला मोजायचं होतं. दोन बंद काचघरं केली, एक गार, एक उबदार. हिवाळ्यात वीज जाऊ लागली, हीटर बंद पडला. मी परिचर फारूखला उबदार काचघरात कोळशाची सिगडी ठेवायला लावली, चांगली तीन आठवडे. कोळशाच्या धुरातला कार्बन मुळातच हलका, आणि दोन्ही पिकांनी तोच खाल्ला. तपासणीत गहू आणि ज्वारी, दोन्ही गार काचघरातल्यापेक्षा सारख्याच प्रमाणात हलकी निघाली. मी "उष्णतेचा परिणाम!" म्हणून नाचलो आणि तसा लेख एका विज्ञान नियतकालिकात छापून आणला. ज्वारी नुसत्या उष्णतेने एवढी हलकी होत नाही, हे मी स्वतःच वर्गात शिकवत होतो.

फारूखने नोंदवहीत सिगडी रोजच्या रोज नोंदवली होती. "सर, धुराचं बी लिव्हा ना," तो म्हणाला. मी ती पानं फाडली आणि 'नोंदी नीट ठेवत नाही' असा शेरा मारून त्याची नोकरी घालवली. पुढे तो शहागंजात घड्याळं दुरुस्त करू लागला. म्हणजे बेफिकीर ठरवलेल्या माणसाकडे निम्मं शहर आपली वेळ सोपवत होतं.

~~४. घरामागची दोन गुंठे जागा फारूख निजामुद्दीन शेख यास. लेख चुकीचा असल्याचं माझं पत्र माझ्या मृत्यूनंतर नियतकालिकाला पाठवावं.~~

कलम ४ मी खोडलं आहे, जागाही आशाबाईलाच. कारण असं: फारूखला हे वाचायला आणि साक्षीदार म्हणून सही करायला बोलावलं होतं. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणाले.

फारूख म्हणाला, "मंग छोडो सर ती जागा. समदं मी बघितलंय, सही मीच करनार. पन चिठ्ठी आजच टाका. तुम्ही गेल्यावर माझी चूक नव्हती, हे लोकांनी कुनाला इचारायचं?"

मला लाज वाटली. पत्र दुपारी आम्ही दोघांनी जाऊन टपालात टाकलं. परत येऊन तो हा कागद पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचतो आहे, आणि मगच सही करणार आहे.

औरंगाबाद, दि. ११ जानेवारी २०१९
(सही) रामकिसन सांडू दांडगे

साक्षीदार:
१. फारूख निजामुद्दीन शेख, घड्याळजी, शहागंज
२. वच्छलाबाई नानासाहेब काळे, शेजारीण, गारखेडा