चंद्र स्वतःभोवती फिरतो का

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा तुमच्याशी बोलायचं ते आता असं, वहीच्या मागच्या पानावर. मी खांदा कॉलनीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. यंदा शाळेत व्हीआर आलं. डोळ्यांवर तो डबा बांधला की पोरं बाकावर बसल्या बसल्या चंद्रावर पोचतात. छान आहे हो, उगाच नावं ठेवणार नाही. परवा सातवीचा तास बघायला संस्थेची माणसं आली होती. सगळी पोरं चंद्रावर, तोंडं उघडी. तेवढ्यात ओवे गावातली एक मुलगी डबा न काढताच म्हणाली, "बाई, हितनं पृथ्वी तर आकाशात जागची हलत नाय. मंग चंद्र सोताभोवती फिरतो कसा?" मी म्हटलं, "फिरतो. पुस्तकात आहे, लिहून घे." तिने लिहून घेतलं.

हाच प्रश्न मी तुम्हाला विचारला होता. पनवेलच्या शाळेचं मैदान, भर दुपार. वर्गातली सगळ्यात उंच मुलगी पृथ्वी, मी चंद्र. तिच्याकडे तोंड ठेवून तिच्याभोवती चालायचं. मध्येच मी थांबते आणि ऐटीत म्हणते, "बाई, मी कुठे स्वतःभोवती फिरतेय?" तुम्ही खेकसता, "तोंड कमी चालव, पाय चालव. पृथ्वीच्या मागे काय दिसतंय?" "चिंच." "चाल. आता?" "फाटक." "आता?" "मुतारी." सगळा वर्ग खिदळतो. "आणि स्वतः न वळताच चारी बाजू दिसल्या होय गं तुला?" त्या संध्याकाळी मी आईला आणि शेजारच्या काकूंना अंगणात फिरवलं होतं.

काल मधल्या सुट्टीत त्या मुलीला व्हरांड्यात घेतलं. मी पृथ्वी, ती चंद्र. नळ, जिना, नोटीस बोर्ड. फेरी पुरी व्हायच्या आत ती थांबली. "अगं बाई, मीच फिरले की!" खूप हसली. मग एकदम म्हणाली, "मंग तवाच का नाय सांगितलंत, बाई? मी घरी पप्पांना सांगून टाकलं, मला सायन्स जमत नाय."

मी म्हटलं, "अगं, विसरले."

विसरले नव्हते, बाई. त्या मोठ्या माणसांसमोर गोल गोल चालायची मला लाज वाटली. आज तिच्या वर्गावर तास होता. पूर्ण तास शिकवला, आणि हे काही तिला सांगितलं नाही.