बरणीच्या कडेचा छर्रा

लालबाग, गुरुवार, १९५७

आज हरताळ, कॉलेज बंद. डोक्यात मात्र काल प्रयोगशाळेत माझी वेळेची नोंद बघून सर म्हणाले ते वाक्य: "तेलातून छर्रा पडायला इतका वेळ लागूच शकत नाही. मुलींना घड्याळ नीट दाबता येत नाही." खरंच माझाच हात चुकत असेल?

शेवटी लोणच्याची काचेची बरणी धुऊन पुसली आणि तीत घरातलं सगळं एरंडेल ओतलं. एरंडेल बघून दादा जिना उतरून पळालाच! वहिनी मात्र पदर खोचून आली. दोघींनी सायकलचे सारखे छर्रे एकदम सोडले, मी मधोमध, तिने काचेलगत. तिचा मागे राहिला.

"माझा आळशी आहे गं," वहिनी म्हणाली.

जागा बदलल्या, तर माझा मागे! पुन्हा बदलल्या, पुन्हा तेच. म्हणजे काचेजवळचं तेल छर्र्याला धरून ठेवतं. कॉलेजात छर्रा सोडतो ती तेलाची नळी तर केवढी अरुंद, चहूबाजूंनी काचच. उशीर होणारच! घड्याळ बरोबर होतं, माझा हातही.

वहिनी म्हणाली, "मग उद्या बरणीच ने. सोडू देत सरांनाच छर्रे."

नेणार आहे. झाकणाला फडकं तिनेच बांधलं. कॉलेज आतून कधी पाहिलं नाही, म्हणून तीही येणार आहे.