तेविन काठाला लागला

४ ऑगस्ट, अल्लीपूर
पुस्तक पुढे गेलं. सप्टेंबरचं नोव्हेंबर झालं. सईने शाळेतून आल्या आल्या, दप्तर खांद्यावरच ठेवून, मोबाइल माझ्यापुढे धरला. "बघ आत्या. पुन्हा." कारण दिलेलं नाही. लेखिकेची दोन ओळींची माफी आणि खाली कुठकुठल्या पोरींची रडकी तोंडं.
आई ओसरीवर लसूण सोलत होती. "काय झालं वं?"
"तिसरा भाग लांबला, आजी."
"म्हंजे तेव्या अजून दोन महिने चालतच राह्यते का? पायाले फोड येतीन त्याच्या."
सईने माझ्याकडे पाहिलं. मी चहा ठेवायला उठले.

५ ऑगस्ट
लिहून ठेवते, म्हणजे निदान या वहीत तरी खरं राहील.
पहिला भाग माझ्या भावाने, प्रशांतने, नागपूरहून आणला होता, लेकीच्या वाढदिवसाला. जाडजूड, इंग्रजी. रविवारी तो, वहिनी आणि सई हिंगणघाटहून यायचे, तेव्हा सई एकेक पान वाचून आजीला आपल्या भाषेत सांगायची. काळ्या सरोवराकाठची दोन भावंडं, मिरेल आणि तेविन. आईने पहिल्याच दिवशी त्यांची मीरा आणि तेव्या करून टाकली. प्रशांत दारात उभा राहून हसायचा. "माय, तू तं राक्षसाले बी जेवाले बसवशीन."
दुसरा भागही त्यानेच आणला. तिसरा जानेवारीतच मागवून ठेवला होता, निघेल तेव्हा इथे, आईच्या घरी येईल असा.
फेब्रुवारीत केळझरच्या वळणावर त्याची मोटरसायकल
नंतर घरात मी आणि आई. ती जेवेना, बोलेना. तुरीचं सूप मांडीवर घेऊन बसायची. एक दिवस स्वतःच म्हणाली, "ते दुसरं पुस्तक वाच." वाचू लागले. अकराव्या प्रकरणात तेविन बहिणीला नावेत ढकलतो आणि स्वतः पाण्याखाली जातो. पुढचं वाक्य मला दिसत होतं. आईचे हात थांबले होते.
मी म्हटलं, "तेविन काठाला लागला."
आई म्हणाली, "हं." आणि दाणे निवडू लागली. त्या संध्याकाळी तिने अर्धी भाकर खाल्ली.
पुस्तकात त्यानंतर तो कुठेच नाही. मी मात्र त्याला दुसऱ्या वाटेने चालवत ठेवलंय. डोंगर, मग वाळवंट, मग पुन्हा डोंगर. तिसऱ्या भागात घरी पोचेल, असं आईला सांगितलंय.

१७ ऑगस्ट
कपाटाच्या दाराला आतून सईने कागद चिकटवलाय. वर लिहिलंय : येणार. खाली पाच पुस्तकं, प्रत्येकापुढे महिना. एकात चोरांची शाळा आहे. एकात एका मुलीची सावली घर सोडून जाते. एकात आभाळात देवमासे. सगळ्यात वर तीन चांदण्या देऊन 'तिभा', म्हणजे तिसरा भाग. सप्टेंबर खोडून नोव्हेंबर.
पूर्वी मी तिला म्हणायची, जरा खऱ्या माणसांचं काही वाच. आता तिचे कपडे ठेवायच्या निमित्ताने तो कागद वाचते. या घरात पुढच्या वर्षाबद्दल काही लिहिलेला तेवढा एकच कागद आहे.

२ सप्टेंबर
सईला माझं खोटं जूनपासून माहीत होतं. वहिनीची बदली दूर झाली आणि ती आमच्याकडे राहायला आली, त्याच आठवड्यात आजीने तिला विचारलं होतं, तेव्या कुठवर आला. आज बोलली. भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता.
"तो मेला आहे, आत्या. चॅप्टर इलेव्हन. तू आजीले खोटं सांगतलं."
"तेव्हा तिची अवस्था..."
"अन् माझी? मले तं तू तीन शब्दांत सांगतलं होतं. फोनवर."
सई, पप्पा गेले.
मोजले. तीनच.
मी आयुष्यभर शब्दांचं काम केलं. त्या दिवशी तेवढेच सापडले.

४ सप्टें.
सई बोलत नाही. डबा नेते, रिकामा आणते.

९ सप्टें.
आज स्वतःहून जवळ येऊन बसली. नव्या भागाचं मुखपृष्ठ आलंय. धुकं, घाट आणि घाटावर एक मुलगा, पाठमोरा.
"तोच आहे."
"अगं, पण तूच म्हणालीस की तो..."
"बॉडी दाखवली का पुस्तकात? नाई ना? बॉडी नाई दाखवली तं मेला नाई. फँटसीचा रूल आहे हा. सगळ्याईले माहीत आहे, तुलेच नाई. काय लेखिका आहे यार तू."
हसले. तीही हसली, कितीतरी दिवसांनी.
संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढताना लक्षात आलं. प्रशांतचं तोंड आम्ही तिला दाखवलं नव्हतं. दवाखान्यात मीच म्हटलं होतं, पोरीने नको पाहायला.

२८ सप्टें.
नागपूरहून संपादकांचा फोन. दिवाळी अंकाला कथा? नाही म्हटलं. सात महिन्यांत मी एकच गोष्ट रचली आणि ती कागदावर नाही.
तेविन सध्या जंगलात आहे. नवीन जंगल कुठून आणू, हिंगणीचंच घेतलं. साग, बांबू, धरणाचं पाणी. आईने ओळखलं.
"हे तं हिंगणीवानी वाटते वं."
"असेल तसंच."
"मंग वाघ असनच तिथी. त्याले सांग, रस्त्यानं येजो."
मग म्हणाली, "नाई. रस्त्यानं नको. जंगलातूनच येऊ दे."

दसरा
आई या वर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर गेली नाही. दरवर्षी प्रशांत न्यायचा. "तुम्ही दोघी जा," म्हणाली. आम्हीही गेलो नाही. तिघींनी घरीच वंदना घेतली. सईचा आवाज मध्येच बसला, आईने पुढचं म्हटलं.

३० ऑक्टो.
कापूस वेचायला बाया येताहेत. आईला दम लागतो, तरी बांधापर्यंत जाऊन येते. परतल्यावर एकच प्रश्न, "किती दिवस?" सई भिंतीवरचं कॅलेंडर दाखवते. एकोणीस.
मला भीती वाटते, पुस्तक येण्याची. त्यात तो नसला तर? पाठमोरा मुलगा कोणीही असू शकतो. आईला एक वेळ मी पुन्हा फसवेन. सईला कसं? ती स्वतः वाचणार. या घरात एकाच माणसाला दोनदा मारायचं

१८ नोव्हें.
आलं.
मी आत होते. ओसरीवर आवाज आला. कुरिअरवाला, नवीन होता बहुतेक. "प्रशांतभाऊ आहेत का? त्यांच्या नावानं पार्सल आहे."
मी धावत बाहेर येईपर्यंत आईने हात पुढे केला होता. "बाहीर गेला हाय. मी त्याची माय. दे माह्याजवळ."
त्याने दिलं. आईने ते पदराने पुसलं, उगाच, स्वच्छच होतं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पोट्टी येऊ दे. तिच्या बापानं मागोलं, तीच फोडन."
मी दारातच उभी. आईला काय काय माहीत आहे, हे मला माहीत नाही. विचारायची हिंमत नाही.

२० नोव्हें.
शाळा असेपर्यंत पुस्तकाला हात लावणार नाही, सई म्हणते. "एका दमात वाचीन. रविवारी." खोका मात्र उशाशी.

२३ नोव्हें., रविवार
सई सकाळी सातला गच्चीवर गेली. जेवायला हाक मारली तर वरूनच, "नको." मी भाकर आणि आंबाडीची भाजी नेऊन ठेवली. मान वर केली नाही. दुपारी दोनदा जिन्यात गेले, अर्ध्यातून परत आले. पानं उलटल्याचा आवाज येत होता. मग बराच वेळ तोही नाही.
चारला खाली आली. डोळे लाल, पण वाचूनही होतात. मी पाहत राहिले.
"सई?"
"स्पॉयलर नाई देत मी." मोरीत गेली, बराच वेळ तोंड धूत होती. मग टॉवेल खांद्यावर टाकून ओसरीवर आली.
"चाल आजी, बस. आज मी वाचते."
"मंदा वाचते ना?"
"आत्याले नाई जमत. उगाच फिरवते त्याले जंगलात."
आई हसली. मी हसू शकले नाही.
सई वाचत होती तसं मला कधी जमणार नाही. थेट आपल्या बोलीत, न अडखळता. मिरेल घाटावर आली आहे, धुकं आहे, पलीकडे कोणीतरी आहे. मी तिच्या डोळ्यांकडे पाहत होते, ओळींवरून फिरताहेत का. तिने पुस्तक उचलून तोंडासमोर उभं धरलं. आता फक्त आवाज.
"...दार वाजलं. मीरानं उघडलं. तेव्या उभा होता. कपडे ओले. म्हणे, ताई, भूक लागली."
आईने डोळे मिटले. मग म्हणाली, "आधी बसव त्याले. बूड तं टेकू दे."
"उद्या," सई म्हणाली. "आज एवढंच." पार्सलवरची नावाची चिठ्ठी तिने सोलून ठेवली होती, ती खूण म्हणून घातली आणि पुस्तक मिटलं.

२४ नोव्हें.
सई शाळेत. पुस्तक फळीवर आहे. चिठ्ठीचं टोक बाहेर दिसतं, 'प्रशां' एवढंच.
दोनदा काढलं. दोनदा ठेवलं. एक पान उघडलं की कळेल, ती वाचत होती की
नाही उघडलं.
कपाटातला कागद पाहिला. तिभा खोडलेला नाही. पुढे बरोबरची खूणही नाही. खाली मात्र नवीन ओळ, सहावं पुस्तक, पुढच्या जूनचं.
आई आतून विचारते आहे, "मंदे, पोट्टी कधी येते वं शाळेतून? तेव्या दारातच उभा हाय."