तू डॉक्टरांना ‘नाय’ म्हणालीस तेव्हा

आई, आज दुकानात एक काकू गुडघेदुखीची गोळी मागायला आल्या होत्या, सोबत त्यांची मुलगी. मी विचारलं, दुखण्यासाठी आणखी काही घेता का? त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं आणि मग म्हणाल्या, ‘‘नाही.’’ ती नजर मी ओळखली. तू जाऊन नऊ वर्षं झाली, पण डॉक्टरांसमोर तू माझ्याकडे तसंच पाहिलं होतंस.

मुलुंडच्या त्या पोळी-भाजी केंद्रात तू सकाळी सहापासून उभ्याने पोळ्या लाटायचीस. घरी आलीस की मनगटं गरम पाण्यात बुडवून बसायचीस. सांध्यांसाठी मामा गावाहून चूर्ण पाठवायचा, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा बाबा नाक्यावरून दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी आणायचे. तू दोन्ही घ्यायचीस, बहुतेक वेळा चहावरच. मी तेव्हा फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आपल्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली, आणि मला त्याचा तोराही होता. एका रविवारी मी ते चूर्ण हुंगून म्हणाले, ‘‘यात काय आहे ते मामाला तरी माहीत आहे का? अडाण्यासारखं काहीही खाऊ नकोस.’’ तू हसलीस. ‘‘ह्यां काय औषध न्हय गो, झाडपालो तो.’’ ‘‘मग मी शिकते कशाला? फेकून दे ते!’’ बाबा म्हणाले, ‘‘ऐक बाई, डॉक्टरीणबाई बोलतायत.’’ सगळे हसले, पण अडाणी म्हटल्यावर तुझा चेहरा उतरला होता. पंधरा दिवसांनी मला ती चूर्णाची बाटली तांदळाच्या डब्यामागे सापडली, निम्मी झालेली. मी ती होती तिथेच ठेवली आणि रागाने काही बोललेच नाही.

मग कामावर तुला चक्कर आली. दोन दिवस शौचाला काळं होत होतं, ते तू कुणाला सांगितलं नव्हतंस. हॉस्पिटलात डॉक्टर विचारतायत, ‘‘या गोळ्यांशिवाय आणखी काही? काढा, चूर्ण?’’ तू माझ्याकडे बघतेस आणि म्हणतेस, ‘‘नाय.’’ माझ्या गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र आहे. फार्मसी शिकणाऱ्या मुलीच्या घरात हे चालतं, असं डॉक्टरांना वाटेल, एवढाच विचार माझ्या मनात येतो. मी गप्प राहते. डॉक्टर पुढचा प्रश्न विचारतात. चौथ्या दिवशी तू गेलीस. उपाशीपोटी घेतलेल्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव झाला, असं त्यांनी बाबांना सांगितलं.

त्या चूर्णात काय होतं ते मला आजही माहीत नाही. पुढे शिकले ते एवढंच, की काही वनस्पतींमुळे रक्त गोठायला वेळ लागतो, आणि या गोळ्या तेच करतात, वर पोटालाही जखम करतात. काही पुड्यांत तर न सांगता दुखण्याचंच औषध मिसळलेलं असतं, मग माणूस नकळत दुप्पट घेतो. मी बोलले असते तर तू वाचली असतीस का, हे कुणीच सांगू शकणार नाही. पण डॉक्टरांना ते कळायला हवं होतं.

म्हणून मी गिऱ्हाइकांना विचारत बसते. मालक वैतागतात, ‘‘मॅडम, गोळी द्या, मुलाखत नको.’’ ‘औषध’ हा शब्द मी वापरत नाही. गावाहून काही येतं का, हळदीच्या कॅप्सूल, कुणी दिलेली पुडी, असं विचारते. आज त्या मुलीला मी गुडघ्याचे पट्टे बघायला पलीकडे पाठवलं आणि काकूंना हळूच पुन्हा विचारलं. ‘‘आहे गं एक पुडी. पण ही ओरडते ना.’’ हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळीही रोज चालू होती. मी दुखण्याची गोळी दिली नाही. सगळं एका कागदावर लिहून दिलं आणि सांगितलं, हा कागद आणि ती पुडी आजच डॉक्टरांना दाखवा, त्यांना विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी नको. आणि रोजची गोळी मात्र मनाने बंद करू नका. काकू कागद घडी करत म्हणाल्या, ‘‘तुझ्या आईची मज्जा आहे बाई. विचारायला घरातच माणूस.’’ मी हो म्हणाले.

बाबा अजूनही तापात गोळी घेत नाहीत. कुणी गोळीचं नाव काढलं की म्हणतात, ‘‘ती पट्टी मीच आणली होती.’’ मी म्हणते, ‘‘बाबा, तुमचा काय दोष?’’ चूर्णाचं मी डॉक्टरांपासून लपवलं, हे पुढचं वाक्य मला येतं, पण नऊ वर्षांत ते माझ्या तोंडून निघालेलं नाही. आत्ता ते बाहेर वाटाणे सोलतायत. मी आत बसून तुला लिहितेय, कारण तू मला माफ करशील याची खात्री आहे. त्यांची नाही.